भर समुद्रात रेंज

अहिल्यानगर जिल्ह्यात भारनियमनाने लोकांना विजेचा हिशेब घरबसल्या शिकवला आहे. जिन्याखालच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर, त्याला जोडलेली १२ व्होल्टची, बहुधा १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी. लाईट गेली की आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडतं, "फ्रिज बंद करा रे, नाहीतर रात्री पंखाही चालायचा नाही!" कोणती वस्तू किती ओढते, पहाटेपर्यंत काय काय पुरेल, ही मोजदाद राहुरी-पारनेरच्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते.

शिडाच्या बोटीवर हीच मोजदाद रोज, चोवीस तास चालते. बोट पळते वाऱ्यावर, पण दिवे, रेडिओ, रडार, दिशा सांगणारी यंत्रं आणि माणूस झोपला असताना सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट हे सगळं बॅटरीवर चालतं. बॅटरी भरायची ती सौर पॅनलवर, नाहीतर डिझेल जाळून. घरात तासा-दोन तासांनी लाईट येते. किनाऱ्यापासून हजार मैलांवर तसा भरवसा नसतो. म्हणूनच लांबच्या सफरीला निघणारा दर्यावर्दी बोटीसाठी उपग्रहाचं इंटरनेट निवडायला बसतो, तेव्हा 'स्पीड किती?' हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. 'खातं किती?' हा असतो. आणि त्याच्याही आधीचा, मनात ठेवलेला प्रश्न असा, की सगळं बिघडेल त्या दिवशी यातलं काय चालू राहील?

समुद्र नसलेल्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय परका वाटू शकेल. पण भारताच्या आधुनिक शीडनौकांची गोष्टही अशाच एका कोरड्या मुलखात सुरू झाली. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी हे साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहत. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी घेतला होता. तो मनावर घेतला नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस या कारखान्यात. ५६ फुटी 'म्हादेई' फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून निघाले. चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये ते परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला प्रदक्षिणा घालणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून, नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात, कुठेही न थांबता फेरी पुरी केली. पुढे दांडेकरांच्याच कारखान्यात 'तारिणी' तयार झाली. तिच्यावरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात जगभर फिरून आल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, पंतप्रधान त्यांच्याशी बोटीवर व्हिडिओ कॉलने बोलले होते. भर समुद्रातून समोरासमोर दिसत बोलता येतं, हे त्या दिवशी टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिलं.

ते शक्य कसं होतं, हे समजून घ्यायला पुन्हा जिल्ह्याच्या सीमेवर यावं लागेल.

संगमनेरहून पुण्याकडे जाताना आळेफाटा ओलांडला की नारायणगाव येतं. तिथून जवळच्या आर्वीला भारताचं विक्रम भूकेंद्र २६ फेब्रुवारी १९७१ रोजी सुरू झालं. त्याच्या डिशचा व्यास सुमारे ३० मीटर होता. पहिल्या वाढदिवसाला टपाल खात्याने त्यावर तिकीटही काढलं होतं. या डिशचं तोंड हिंदी महासागरावरच्या एका उपग्रहाकडे असे, आणि परदेशी फोन त्याच्यामार्फत जात. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर होता. या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो आभाळात एकाच जागी टांगल्यासारखा भासतो. डिश एकदा नेमकी लावली की झालं. पण इतक्या लांबून येणारा संकेत अगदी क्षीण असतो. तो टिपायला तेव्हा एवढी मोठी डिश लागली. शिवाय अंतरच इतकं, की प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. जुन्या काळी परदेशी फोनवर दोघं एकदम बोलायला लागत आणि एकदम थांबत, त्याचं एक कारण हा अर्धा सेकंद होता.

मोठ्या जहाजांवर आजही अशा स्थिर उपग्रहांकडे पाहणाऱ्या डिश असतात. पांढऱ्या घुमटाच्या आत त्या सतत वळत राहतात, जहाज डुललं तरी उपग्रहावरची नजर ढळू देत नाहीत. असा घुमट जड असतो, वीज बरीच खातो, आणि तो बसवायला जागाही लागते. चाळीस फुटांच्या बोटीवर एवढं ओझं उंचावर चढवणं म्हणजे तिचा तोल बिघडवणं.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. स्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात. मुंबईच्या समुद्रात ते आभाळात बऱ्यापैकी उंच दिसतात. पण दोंदे, टॉमी आणि 'तारिणी'वरच्या अधिकारी दक्षिण अमेरिकेच्या ज्या केप हॉर्नला वळसा घालून आले ते टोक ५६ अंश दक्षिणेला आहे. तिथून उपग्रह अगदी समोरच्या रेखांशावर असला तरी क्षितिजापासून २६ अंशांपेक्षा वर येत नाही. त्यात बोट वाऱ्याने एका अंगाला वीस-पंचवीस अंश कललेली, भोवती घराएवढ्या लाटा, मध्ये डोलकाठी. कधी लाटेच्या खोलगटात उपग्रह झाकला जातो, कधी बोट नेमकी उलट्या अंगाला कलते आणि संपर्क तुटतो.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं ते खालून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे. स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून जातात. ते एका जागी थांबत नाहीत. एक क्षितिजाआड गेला की दुसरा त्याचं काम उचलतो, म्हणून ते हजारोंच्या संख्येने लागतात. अंतर कमी झाल्याने अर्ध्या सेकंदाची दिरंगाई गेली आणि डिशही आटोपशीर झाली. तिच्यात फिरणारा भागच नसतो. सपाट पाटीत शेकडो बारीक अँटेना असतात आणि त्या मिळून संकेताची दिशा विजेनेच वळवतात. सगळ्यात लहान प्रकारची 'मिनी' शाळेच्या पाटीएवढी आणि सव्वा किलोच्या आत. आर्वीची ती ३० मीटरची थाळी आठवणाऱ्याला ही पाटी हातात घेतल्यावर नवल वाटल्याशिवाय राहणार नाही.

याच जातीची दुसरी सेवा वनवेब, जिच्यात भारतातल्या भारती समूहाची मोठी गुंतवणूक आहे. तिचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत आणि त्यांतले ७२ तर इस्रोनेच ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडले. वरवर दोन्ही सारख्या दिसल्या तरी दर्यावर्दीला त्यांतला एक फरक माहीत असावा लागतो. स्टारलिंकचे उपग्रह आपसांत लेसरने बोलतात. बोटीचा संदेश एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जात जात हजारो मैलांवरच्या जमिनीवर उतरू शकतो. वनवेबच्या उपग्रहांना ती सोय नाही, त्यांना त्याच वेळी जमिनीवरचं केंद्रही दिसावं लागतं. किनाऱ्यालगत याने काही बिघडत नाही. महासागराच्या मधोमध बिघडतं.

आता जिन्याखालच्या बॅटरीकडे. स्टारलिंकची घरगुती, नेहमीची डिश ७५ ते १०० वॉट ओढते. म्हणजे छताचा जुना पंखाच. ७५ वॉट धरले आणि दिवसभर चालू ठेवली तर चोवीस तासांत १,८०० वॉट-अवर होतात. १२ व्होल्टने भागलं की १५० अ‍ॅम्पिअर-अवर. इन्व्हर्टरची अख्खी बॅटरी एका दिवसात एकट्या इंटरनेटने फस्त केली. खरं तर त्याहून वाईट, कारण आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. मिनी तीसेक वॉटमध्ये भागवते. नव्या बीएलडीसी पंख्याइतकं. दिवसाला ६० अ‍ॅम्पिअर-अवर. २०० वॉटचं सौर पॅनल उन्हाळी प्रदेशात दिवसाला ८०० ते १,००० वॉट-अवर देतं, त्यात मिनी आरामात बसते. पण दक्षिण महासागरात दिवसचे दिवस ढगांखाली जातात, तिथे हा हिशेब कोलमडतो.

अनुभवी लोक म्हणूनच डिश दिवसभर चालू ठेवत नाहीत. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. हवामान उतरवून घ्यायचं, घरी निरोप धाडायचा, बंद. शिवाय बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट करायची आणि डिशच्या अडाप्टरने ती पुन्हा खाली आणायची, या उलाढालीत दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणून डिश थेट बॅटरीवर चालवण्याकडे कल असतो. तिथेही एक ठेच लागते. वायर लांब आणि बारीक असली की व्होल्टेज वाटेतच गळतं. मिनीला किमान १२ व्होल्ट लागतात. पहाटे बॅटरी उतरलेली असताना डिशपर्यंत साडेअकराच पोचले की ती बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते, आणि माणूस उपग्रहाला दोष देत बसतो. विहिरीपासून लांब, बारीक केबल ओढून मोटार चालवलेल्या शेतकऱ्याला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. उपायही तोच, जाड वायर.

जागेचंही तसंच. डिशला वरचं आभाळ रुंद आणि मोकळं लागतं. बोटीवर डोलकाठी, दोरखंड, शिडाचा आडवा दांडा या सगळ्यांतून वाट काढत बहुतेक जण ती मागच्या बाजूला खांबावर किंवा कमानीवर बसवतात. साध्या पॉलिएस्टरच्या शिडातून संकेत बराचसा पार होतो. कार्बनचं शीड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आडवा आला की तुटतो. आणि खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजतात, त्यामुळे केबलचं तोंड उघडं ठेवून चालत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मिनी घ्यावी, जाड वायर टाकावी आणि निघावं. २१ सप्टेंबर २०१८ चा दिवस मात्र वेगळं सांगतो.

अभिलाष टॉमी तेव्हा गोल्डन ग्लोब रेसमध्ये होते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ही शर्यत १९६८ च्या काळातल्या साधनांनी करायची असते. आकाशातल्या ताऱ्यांवरून जागा काढायची, हवामान रेडिओवर ऐकायचं. उपग्रहाची उपकरणं फक्त सुरक्षिततेपुरती. गोव्यातच बांधलेली त्यांची 'थुरिया' ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळात सापडली. बोट पूर्ण उलटून पुन्हा सरळ झाली. डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या मणक्याला गंभीर इजा झाली, उठून उभं राहणं अशक्य झालं. मुख्य सॅटेलाइट फोन निकामी झाला. दुसरा होता, पण आपत्कालीन पिशवीत, आणि त्या पिशवीपर्यंत सरकणंही त्यांना जमत नव्हतं.

हाताशी राहिलं ते मुठीएवढं, फक्त अक्षरी निरोप पाठवणारं एक यंत्र. त्याच्यावरून त्यांनी मोजक्या शब्दांत कळवलं, की बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठ जबर दुखावली आहे. पुढचे तीन दिवस ते पडल्या जागेवरून असे तुटक निरोप पाठवत राहिले. नौदलाच्या पी-८आय विमानाने मॉरिशसहून झेप घेऊन त्यांची बोट हुडकली. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजाने त्यांना उचललं. पाठीत शस्त्रक्रिया करून घेऊन, टायटॅनियमच्या सळ्यांसह, हेच टॉमी पुढच्या गोल्डन ग्लोबला पुन्हा उभे राहिले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.

ते छोटं यंत्र इरिडियमच्या जाळ्यावर चालतं. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरतात, त्यामुळे पृथ्वीवरची एकही जागा सुटत नाही. पण वेग पाहिला तर आजच्या मुलांचा विश्वास बसणार नाही. जुन्या पद्धतीच्या जोडणीला सेकंदाला २.४ किलोबिट, म्हणजे फक्त ३०० बाइट. मोबाइलवर सहज पाठवला जाणारा ३०० किलोबाइटचा फोटो धाडायला सोळा-सतरा मिनिटं लागतील. मात्र हवामानाची जी आटोपशीर फाइल दर्यावर्दी वापरतात, ज्यात पुढच्या चार-पाच दिवसांचा वारा बाणांनी दाखवलेला असतो, ती ५०-६० किलोबाइटची असते. ती साडेतीन मिनिटांत उतरते आणि जीव वाचवायला तेवढी पुरते. अक्षरी निरोपाला तर ३४० बाइटची मर्यादा. मराठी माणसाने इथे एक लक्षात ठेवावं, देवनागरी अक्षर रोमनपेक्षा जास्त जागा घेतं. साध्या एसएमएसमध्येही इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यांत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. संकटाचा निरोप रोमन लिपीत, आधीच ठरवलेल्या छोट्या शब्दांत पाठवायची सवय करावी ती यासाठी.

पावसाचाही फरक पडतो. स्टारलिंक, वनवेब ज्या वारंवारतेवर चालतात त्या लहरींना जोराचा पाऊस शोषून घेतो. इरिडियम आणि इनमारसॅट या उपग्रहसेवांच्या फोनच्या लहरी लांब असतात, पावसातून त्या बऱ्याच निभावून जातात. वेगवान जोडणी लडखडते ती नेमकी वादळात, हे निवड करताना डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं. आणि वादळच लागतं असंही नाही. २४ जुलै २०२५ रोजी सॉफ्टवेअरच्या बिघाडाने स्टारलिंक जगभर जवळपास अडीच तास ठप्प झालं होतं.

यातलं काहीही असो वा नसो, बोटीवर एक पिवळं-नारिंगी यंत्र असलंच पाहिजे. इपर्ब. इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. बोट बुडाली तर पाण्याच्या दाबाने ते आपोआप सुटून वर तरंगतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर स्वतःच्या बॅटरीने किमान ४८ तास हाक देत राहतं. भारताच्या हद्दीतली हाक बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जाते. पैसे कमी असतील तर डिश पुढच्या वर्षी घ्यावी. इपर्ब आधी.

भारतीय पाण्यात आणखी एक बाजू येते, कायद्याची. २६/११ च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्या प्रमुखाचा, तांडेलाचा खून केला आणि मुंबईजवळ ती सोडून दिली. नौकेवर मागे राहिलेल्या वस्तूंत थुराया या कंपनीचा एक सॅटेलाइट फोन होता. त्या अनुभवानंतर सरकारची या उपकरणांवरची नजर कडक झाली, आणि ज्या किनाऱ्याने ते सोसलं त्याला त्याचं कारण विचारायची गरज नाही. २०२४ च्या अखेरीस अंदमानच्या समुद्रात सहा टनांच्या आसपास अमली पदार्थ पकडले गेले, त्या बोटीवर स्टारलिंकची डिश होती. परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचं उपकरण बाळगणं भारतात गुन्हा आहे. गिर्यारोहक वापरतात ती छोटी निरोपयंत्रंसुद्धा यात येतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेला अशाच यंत्रावरून अडवण्यात आलं होतं. परवानगीने मिळणारा मार्ग बीएसएनएलचा. २०१७ पासून बीएसएनएल इनमारसॅटची फोनसेवा देतं. जहाजांवरच्या इंटरनेटला २०१८ च्या नियमांनी दार उघडलं, आणि २०१९ मध्ये नवी मुंबईच्या नेल्को या टाटा समूहातल्या कंपनीने ती सेवा सुरू केली, पण ती मोठ्या जहाजांच्या आवाक्यातली. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेस या अंतराळ नियामक संस्थेची मंजुरी जुलैमध्ये मिळाली. तरी २०२५ संपेपर्यंत सर्वसामान्य ग्राहकाला ती विकत घेता येत नव्हती. परदेशातून आणलेली डिश चालू करून पाहावी, हा मोह टाळलेलाच बरा.

हा सगळा खटाटोप हौशी लोकांपुरता आहे असं समजू नये. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, वायरलेस सेटची त्याहून थोडी पुढे. इशारा निघाला, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. शेकडो कुटुंबांची माणसं परत आली नाहीत. वाऱ्याने भरकटत ६८ नौका आणि ९५२ खलाशी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला लागले. तिथल्या लोकांनी त्यांना आधार दिला. हे खलाशी वाचले, पण वादळ येतंय हे त्यांना कळवण्याचं साधन तेव्हा नव्हतं, ही गोष्ट बोचत राहते.

२०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेने 'जेमिनी' हे यंत्र आणलं. उपग्रहावरून आलेला इशारा ते खलाशाच्या मोबाइलवर दाखवायचं, पण संवाद एकतर्फी होता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पुढच्या योजनेची सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायचे. इस्रोचं तंत्र, इस्रोचा उपग्रह, आणि निरोप दोन्ही बाजूंनी. वादळाचा इशारा, हद्द ओलांडल्याची सूचना, संकटाची हाक. चित्रपट पाहता येत नाही त्यावर, फोटोही जात नाही. तरी एखादा नाखवा दोन सोयींतली एकच घे म्हटल्यावर हीच उचलील, आणि ती निवड रास्त ठरेल.

मग शिडाच्या बोटीवाल्याने घ्यावं काय? मांडव्याला शनिवार-रविवार जाणाऱ्याला, किंवा किनारा नजरेत ठेवून मुंबईहून मालवणला उतरणाऱ्याला उपग्रहाची गरज नाही. चांगला व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल १६ वर कान, दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक एवढ्यावर भागतं. लक्षद्वीप किंवा त्यापलीकडे जाणाऱ्याने परवानगीचा सॅटेलाइट फोन आणि इपर्ब घेतल्याशिवाय दोर सोडू नये. जगाच्या सफरीला निघालेल्याने मात्र दोन वेगळ्या जाळ्यांवरची दोन साधनं ठेवावीत. एक वेगवान, रोजच्या हवामानाला आणि घरच्यांचा चेहरा बघायला. दुसरं संथ, पण स्वतःच्या बॅटरीवर चालणारं आणि बिछान्यावरून हात पोचेल अशा जागी बांधलेलं. टॉमी यांच्या त्या तीन दिवसांनंतर हे शेवटचं कलम सर्वांत वर लिहायला हवं. पैशांचं गणित त्यानंतर. किनाऱ्याजवळचं पॅकेज वेगळं आणि खोल समुद्रातलं वेगळं, मध्येच महिनाभर बंद ठेवता येतं का, ज्या देशात परवाना नाही त्याच्या १२ मैलांच्या हद्दीत डिश बंद पडते का, हे प्रत्येक देशासाठी आधी विचारून घ्यावं लागतं.

'तारिणी' दुसऱ्यांदा जगाच्या फेरीला निघाली ती २ ऑक्टोबर २०२४ रोजी, गोव्याहून. या वेळी बोटीवर फक्त दोघी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्या प्रशांत महासागरातल्या पॉइंट निमोजवळून गेल्या. जमिनीपासून पृथ्वीवर याहून दूरची जागा नाही. सर्वांत जवळचा किनारा २,६८८ किलोमीटरवर. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा जवळची माणसं म्हणजे ४०० किलोमीटर वरचे अंतराळवीर. २९ मे २०२५ ला दोघी गोव्यात परतल्या. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी 'त्रिवेणी' घेऊन गेटवे ऑफ इंडियाहून निघाल्या. मोहिमेचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्याकडे होतं.

इकडे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. असं पाऊल उचलणारं हे पहिलं राज्य. सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमच्या दुर्गम भागांतून करायचं तेव्हा ठरलं. अहिल्यानगरचं नाव या यादीत नव्हतं. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या दऱ्यांमधल्या वाड्यांवर फोन लावायला टेकाड चढावं लागतं, आणि आज ना उद्या डिश तिथेही येईल. तेव्हा बोटीवाल्यांची मोजदाद जशीच्या तशी उपयोगी पडेल. डोलकाठीच्या जागी डोंगर असेल. डिश लावण्याआधी राजूर भागातल्या आश्रमशाळेच्या गच्चीवर उभं राहून मोबाइलचा कॅमेरा आभाळाकडे धरायचा, आणि कड्याने किती भाग झाकला आहे ते अ‍ॅपवर पाहायचं. वायर किती लांब जाईल ते मोजायचं. लाईट आठ तास गेली तर बॅटरी पुरेल का ते पाहायचं. आणि चाचणी घ्यायची ती उन्हाळ्यात नाही. घाटघरला जुलैची संततधार लागते, ओढे भरून रस्ते तुटतात, आजाऱ्याला खाली आणायला गाडी बोलवायची असते, त्या दिवसांत घ्यायची.